शिस्तवार म्हणजे नेमकं कसं? पौलाने करिंथच्या मंडळीला सांगितलेली उपासनेची रीत

कोकणात रविवारची ख्रिस्ती उपासना दोन अगदी वेगळ्या सुरांत चालते. जुन्या मिशनच्या चर्चमध्ये लाकडी बाकं, ठरलेला क्रम, फळ्यावर लिहिलेले गीतांचे क्रमांक, आणि कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं हे पोराटोरांनाही पाठ. अलीकडे निघालेल्या घरगुती मंडळ्यांमध्ये सतरंजी, कीबोर्ड, ढोलकी, टाळ्या, आणि एकाच वेळी सगळ्यांची मोठ्याने प्रार्थना. पहिल्यांना दुसऱ्यांची उपासना गोंधळ वाटते, दुसऱ्यांना पहिल्यांची निर्जीव. वाद झाला की दोघंही बायबलच्या एकाच पानावर बोट ठेवतात: करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १४. एकाचं बोट चाळिसाव्या वचनावर, सगळं शिस्तवार आणि व्यवस्थित होऊ द्या. दुसऱ्याचं एकोणचाळिसाव्यावर, अन्य भाषांत बोलायला मनाई करू नका.

ही दोन वचनं लागोपाठची आहेत. पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रेषित पौल याने ती एका दमात लिहिली. म्हणजे त्याच्या मनातली शिस्त या दोन्ही गटांना वाटते त्यापेक्षा काही वेगळी असणार, एवढं तरी मानावंच लागतं. मला ती कशी दिसते ते आधीच सांगून टाकतो. जमलेल्या माणसांत जो सगळ्यात मागे राहतो, ज्याला कळत नाही, ज्याला उशीर होतो, ज्याला कुणी विचारत नाही, त्याच्या पदरात सभेतून काही पडलं का, हे पौल पाहतो. आवाज किती झाला आणि घड्याळात किती वाजले हे त्याच्या लेखी त्यानंतरचं.

आता हे पत्र गेलं कुठे, ते थोडक्यात. करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं शहर. अरुंद भूपट्टीवर वसलेलं, एका अंगाला किंख्रिया हे बंदर आणि दुसऱ्या अंगाला लेखेयन. रोमन सैन्याने इ.स.पू. १४६ मध्ये जुनं शहर उद्ध्वस्त केलं. पुढे शंभरेक वर्षांनी, इ.स.पू. ४४ मध्ये, ज्युलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलं. खलाशी, व्यापारी, कारागीर, गुलाम, गुलामीतून सुटून पैसेवाले झालेले लोक, सगळे तिथे होते. पौल साधारण इ.स. ५० च्या सुमारास तिथे आला, अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवण्याचं काम करत दीड वर्ष राहिला, आणि त्याच्या पाठीमागे एक मंडळी उभी राहिली.

तो निघून गेल्यावर काही वर्षांतच भांडणं लागली. पौल तेव्हा इफिसात होता. ख्लोवे नावाच्या बाईच्या घरच्या माणसांनी त्याला बातमी पोचवली, शिवाय मंडळीने काही प्रश्नही लिहून पाठवले होते. त्याचं उत्तर म्हणजे हे पत्र, साधारण इ.स. ५४-५५ चं. त्यामुळे इथे उपासनेचा छापील क्रम शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. आधी गीत, मग वाचन, मग संदेश, मग अर्पण असं पौल कुठेच लिहीत नाही. जिथे ठसठसत होतं तिथेच त्याने हात घातला.

पहिली ठसठस जेवणाची. ती अकराव्या अध्यायात येते. मला ती चौदाव्या अध्यायापेक्षाही महत्त्वाची वाटते, पण शिस्तीवरच्या प्रवचनांत ती फारशी ऐकू येत नाही. तेव्हा चर्चची इमारत नव्हती. मंडळी कुणाच्या तरी मोठ्या घरी जमे. करिंथमध्ये गायस नावाच्या माणसाचं घर त्यासाठी होतं, असं पौल रोमकरांस पत्रात सांगतो. प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं, हे आजच्यासारखं भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट एवढंच नव्हतं, खऱ्याखुऱ्या जेवणासोबत ते होई. त्यात रविवार हा तेव्हा कामाचाच दिवस. रविवारची सुट्टी सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये दिली, म्हणजे पौलानंतर अडीचशेहून जास्त वर्षांनी. तेव्हा ज्यांना कामधंद्याची घाई नव्हती ते लवकर येत, आणि गुलाम-मजूर मालकाचं काम आटपून अंधार पडल्यावर पोचत असणार. रोमन घराच्या जेवणघरात टेकून जेवायला नऊ-दहा माणसांचीच सोय असे, बाकीच्यांनी अंगणात बसायचं. अभ्यासकांनी या सगळ्यावरून जे चित्र उभं केलंय ते पौलाच्या शब्दांशी जुळतं: एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो.

यावर पौल म्हणतो, तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. केवढा कडक शब्द! आणि उपाय मात्र किती साधा. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. कुणाला दम निघत नसेल तर त्याने घरी खाऊन यावं. बस्स, एवढंच. मंत्र नाही, विधी नाही, नुसतं थांबा.

याच भागात, अयोग्य रीतीने भाकर खाणारा दोषी ठरतो आणि प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, अशी वचनं आहेत. आपल्याकडे त्यांचा अर्थ बहुतेक वेळा वैयक्तिक पापांपुरता घेतला जातो. आठवड्यात जावेशी भांडण झालं म्हणून एखादी बाई प्रभुभोजनाच्या मेजाजवळ जातच नाही. स्वतःचं मन तपासणं चांगलंच, ते कुणी नाकारणार नाही. पण वचनाच्या मागेपुढे वाचलं तर पौलाला सतावणारा दोष ठळक दिसतो: ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही हेच दुखणं आहे. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला, तू तिकडे उभा राहा. मे महिन्यात गावी आलेल्या मुंबईकराला पुढच्या बाकावर बसवताना हा अध्याय आठवला तर बरं, एवढंच म्हणतो.

थांबण्याचा प्रश्न कोकणात पुस्तकी नाही. एप्रिल-मेमध्ये बागेत कामाला जाणारे पहाटेपासून हापूस उतरवत, पेट्या भरत असतात. लावणीच्या दिवसांत पाऊस लागला की शेत थांबत नाही. बोटीवर गेलेला माणूस भरती-ओहोटी पाहून परत येतो, चर्चची घंटा ऐकून नाही. सकाळी नऊला दार लावून सुरू होणारी उपासना शिस्तवार दिसते खरी, पण ती कुणाच्या सोयीची आहे हे पौलाने विचारलं असतं. काही ठिकाणी हंगामात संध्याकाळची वेळ ठेवतात. अकराव्या अध्यायाला हाच बदल अभिप्रेत आहे, असं माझं मत.

आता चौदावा अध्याय, म्हणजे अन्य भाषा. करिंथच्या सभेत काही जण प्रार्थनेत अशा भाषेत बोलत जी त्यांना स्वतःलाही शिकवलेली नव्हती आणि ऐकणाऱ्यालाही कळत नव्हती. पौल हे खोटं म्हणत नाही. उलट सांगतो की मी तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त अन्य भाषांत बोलतो. पण मंडळीत, लोकांना शिकवण्यासाठी, समजून बोललेले पाच शब्द मला अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा बरे वाटतात, असंही तो लगेच म्हणतो. कारण? तुझी उपकारस्तुती उत्तम असेल, पण शेजारी बसलेल्याला ती कळलीच नाही तर तो आमेन कशाला म्हणणार? आणि बाहेरचा कुणी आत आला तर तो म्हणेल, ही माणसं वेडी झाली आहेत. आपल्याकडचा मालवणी माणूस एवढं कडक बोलणार नाही, पण बाहेर पडताना म्हणेल, “माका कायएक कळूक नाय.” पौलाच्या दृष्टीने दोन्हीचा अर्थ एकच, त्या माणसाला काही मिळालं नाही.

म्हणून नियम असे. अन्य भाषेत बोलायचंच असेल तर दोघांनी, फार तर तिघांनी, आणि एका वेळी एकानेच. अर्थ सांगणारा हवा. तो नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावं, स्वतःशी आणि देवाशी बोलावं. इथे दान हिरावून घेतलेलं नाही, फक्त त्याची जागा बदललेली आहे.

हा नियम फक्त घरगुती मंडळ्यांना लागू आहे असं जुन्या चर्चवाल्यांनी समजू नये. जी भाषा लोकांना कळत नाही तिच्यात उपासना करण्याचा विक्रम जुन्या परंपरांच्याच नावावर आहे. कॅथोलिक मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, शतकानुशतकं लॅटिनमध्ये होई. स्थानिक भाषांना दार उघडलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, १९६२ ते १९६५ च्या दरम्यान. आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न कितीतरी आधी कुणाकुणाला पडला होता. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी नव्या ख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. पुढे १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले, तेव्हा त्यांनाही आधी मराठीच शिकावी लागली.

आणि आज? आपली छापील प्रार्थना कित्येकदा इतकी संस्कृतप्रचुर असते की दहावी झालेल्या पोरालाही अर्धी कळत नाही. रत्नागिरीच्या बागांत राखणीला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी माणसं असतात. त्यांच्यातला एखादा विश्वासणारा मागच्या बाकावर येऊन बसला तर आपली शुद्ध मराठी त्याच्यासाठी अन्य भाषाच झाली. एखादं वाचन हिंदीत केलं, किंवा शेजाऱ्याने हळू आवाजात सांगितलं, तर अठ्ठाविसाव्या वचनातला अर्थ सांगणारा मिळाला असं समजायला हरकत नाही.

यापुढचा भाग संदेष्ट्यांचा, म्हणजे देवाकडून मिळालेलं समजेल अशा शब्दांत मंडळीला सांगणाऱ्यांचा. त्यांनाही तेच माप: दोघा-तिघांनी बोलावं, बाकीच्यांनी ते पारखावं. बसलेल्या दुसऱ्या कुणाला काही प्रकट झालं तर पहिल्याने थांबावं. सगळ्यांना बोलता येईल, पण एकेकाने, म्हणजे सगळे शिकतील आणि सगळ्यांना धीर येईल.

हे समजायला सिंधुदुर्गातल्या माणसाला फार लांब जायला नको. डबलबारीला बसलेला आहे तो जाणतो. दोन बुवा समोरासमोर, दोघांचे पखवाज, दोघांची पेटी, दोघांचे कोरस तयारीत. पण एकाची बारी चालू असताना दुसरा पेटीवरचा हात आवरून बसतो, समोरच्याचं बोलणं नीट ऐकतो, कारण उत्तर द्यायचं तर ऐकावंच लागतं. दोघं एकदम सुरू झाले तर लोक उठून घरी जातील. बुवाला जोश कमी आहे म्हणून तो थांबत नाही. त्याला बारी कळते म्हणून थांबतो.

इथेच पौलाचं एक वाक्य येतं जे मला या सगळ्या अध्यायाचा कणा वाटतं: संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. म्हणजे “मला आवरलंच नाही, आत्म्याने बोलायला लावलं” ही सबब चालत नाही. देवाचा आत्मा माणसावर आला की माणसाचं भान सुटतंच, असं अनेकांना वाटतं. कोकणात अवसार येणं, वारं येणं हे पाहत वाढलेल्यांना तर ते साहजिकच वाटेल, आणि ग्रीक जगातही अशा देहभान हरपलेल्या भक्तीची ओळख होती. पौल मात्र म्हणतो, आत्म्याने बोलणाऱ्यालाही थांबता येतं, कारण देव अव्यवस्थेचा नाही, शांतीचा आहे. मग माईक सोडवत नाही अशा वक्त्याला थांबवणं हे आत्म्याला विझवणं होत नाही. (लांब प्रवचनाबद्दल पौलाने काही बोलू नये म्हणा. त्रोवस गावी तो स्वतः मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०. सुदैवाने तो वाचला.)

बाकीच्यांनी पारखावं, हा शब्दही सोडून देऊ नये. पौल बोलणाऱ्याला थांबायला सांगतो, तसंच ऐकणाऱ्याला कामाला लावतो. नव्या मंडळ्यांत “प्रभूने मला सांगितलं” असं पास्टर म्हणाले की विषय संपतो. जुन्या चर्चमध्ये पाळकसाहेबांना प्रश्न विचारणं उद्धट मानतात. दोन्हीकडे हे वचन जवळजवळ बंद पडल्यासारखं आहे.

आता सगळ्यात अवघड वचनं, चौतीस आणि पस्तीस: स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, काही विचारायचं असेल तर घरी नवऱ्याला विचारावं. ही वचनं वाचून कित्येक बायकांची तोंडं बंद झाली आहेत, म्हणून घाईने पुढे जाणं बरोबर नाही. पहिली गोष्ट, याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रियांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं असं पौल सांगतो. आपल्या बायका प्रार्थनेला डोक्यावर पदर घेतात त्यामागे हेच वचन आहे. जिला बोलायचंच नाही तिने बोलताना डोकं झाकावं की नाही, हे सांगायची गरज काय होती? म्हणजे करिंथमध्ये स्त्रिया उपासनेत बोलत होत्या आणि पौलाला ते ठाऊक होतं. दुसरी गोष्ट, गप्प राहण्याची आज्ञा या अध्यायात तीनदा येते. अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याला, दुसऱ्याची पाळी आली तर संदेष्ट्याला, आणि मग स्त्रियांना. पहिल्या दोघांना कायमचं गप्प बसा असं कुणीच समजत नाही.

म्हणून काही अभ्यासक म्हणतात की सभा चालू असताना मध्येच प्रश्न विचारून होणारी गडबड इथे थांबवायची होती. काहींच्या मते संदेश पारखण्याच्या वेळेपुरतंच हे आहे. काही मंडळ्या ते आजही जसंच्या तसं पाळतात आणि त्यांच्याकडेही तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार असतो. शिवाय काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचनं चाळिसाव्या वचनानंतर येतात. त्यामुळे ती मुळात समासात लिहिलेली असावीत असंही काही विद्वानांना वाटतं. मला पहिला अर्थ पटतो. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस पौल रोमच्या मंडळीकडे नावानिशी करतो, प्रिस्किल्लेला सहकारी म्हणतो. असा माणूस सगळ्या बायकांना सगळीकडे कायमचं गप्प बसवेल हे मला जुळत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आज स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळते, आणि शेजारच्याच दुसऱ्या एखाद्या मंडळीत बहिणी साक्षसुद्धा देत नाहीत. दोघंही पौलच वाचतात.

उपासनेत कोणती वाद्यं वाजवावीत यावर मात्र पौल काही नियम देत नाही, त्यामुळे इथे फार वेळ घालवत नाही. सव्विसाव्या वचनात तो म्हणतो, तुम्ही जमता तेव्हा कुणाकडे स्तोत्र असतं, कुणाकडे शिकवण, कुणाकडे प्रकटीकरण, आणि सगळं उन्नतीसाठी व्हावं. स्तोत्र १५० मध्ये कर्णा, वीणा, डफ, झांजा सगळं आहे. दापोली तालुक्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी भजन आणि कीर्तन मराठी मंडळीत रुजवलं. ते पियानोपेक्षा कमी शिस्तीचं आहे असं आता कुणी म्हणत नाही. आवाज शेजाऱ्याच्या घरात जातो का, हा प्रश्न खरा आहे. त्याला चाळिसावं वचन पुरेसं आहे.

पौलानंतर काय झालं त्याचे दोन जुने कागद आपल्याकडे आहेत. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनिया (आजच्या तुर्कीतला प्रांत) इथला रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राटाला कळवलं की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तुतिगीत म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, आणि नंतर साधं जेवण जेवायला पुन्हा जमतात. उजाडण्याआधी, म्हणजे कामावर जायच्या आधी. साधारण इ.स. १५५ मध्ये रोममधल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहिलेलं तर आजच्या उपासनेच्या क्रमाशी बरंच जुळतं: वेळ असेल तितका वेळ शास्त्रवाचन, मग पुढाऱ्याचा बोध, मग सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना, भाकर आणि द्राक्षरस, आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी ती पोचवणं. सगळ्यात शेवटी, ज्याला जमेल त्याने दिलेले पैसे अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परक्या माणसांसाठी पुढाऱ्याजवळ ठेवणं.

या पैशाबद्दलही पौलाची शिस्त आहे, आणि ती प्रवचनांत क्वचितच येते. सोळाव्या अध्यायात तो सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे थोडं बाजूला ठेवावं, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. हे पैसे यरुशलेमच्या गरिबांसाठी होते. ते नेणारी माणसं मंडळीनेच पसंत करावीत, असं तो पुढे लिहितो. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात कारणही देतो: एवढ्या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेबद्दल कुणी आम्हाला दोष देऊ नये, देवापुढे तर नाहीच, माणसांपुढेही नाही. प्रेषितांच्या कृत्यांत त्या प्रवासातल्या सोबत्यांची सात नावं आहेत, वेगवेगळ्या गावांची. अर्पणाची पेटी दोघांनी मिळून मोजावी, आकडा त्याच दिवशी वहीत चढावा, आणि वर्षाचा जमाखर्च दारावरच्या फळ्यावर लागावा, म्हणजे दहा रुपये टाकणाऱ्या म्हाताऱ्या आजींनाही तो नातवाकडून वाचून घेता येईल.